नवे घर, जुने मांजर

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून गावी येणाऱ्या सामानात जुने शिलाई मशीन, पितळेची पिंपे, लाकडी पेटी हे सगळे असतेच. त्याच्या जोडीला कधी कधी टोपलीत बसवून आणलेले एक मांजर असते, नाहीतर साखळीला बांधलेला, धापा टाकणारा एक कुत्रा. विचारले तर उत्तर ठरलेले. "चाळ पाडताहेत, नवी बिल्डिंग होईपर्यंत राहू दे इथे. गावाला मोकळी हवा आहे." गावाकडची माणसे भिडस्त. पाहुण्यांना नाही म्हणवत नाही. सुट्टी संपते, चाकरमानी परत जातात आणि जनावर इथेच राहते.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण घरात पाळलेले जनावर हा त्या घराच्या आरोग्याचाच भाग असतो, आणि ते ज्या गावात नेऊन सोडले जाते त्या गावाच्याही. शिवाय हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. आपल्या भागातल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी गिरणीच्या निमित्ताने परळ-लालबागला गेले, कोणी गिरगावात, कोणी दादर-नायगावला खोली धरून राहिले. त्या खोल्या आता जात आहेत. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींची वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे पुनर्बांधणी चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये! सार्वजनिक संडासासमोरच्या रांगेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना स्वतःचा संडास मिळाला ही आरोग्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. आनंदच आहे. मात्र या आनंदाच्या यादीत चाळीतल्या जनावराचे नाव कोणीच लिहिलेले नसते.

चाळीतले मांजर म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. ते एका खोलीचे नसते. सकाळचे दूध एका बिऱ्हाडात, दुपारी बांगड्याचे डोके दुसऱ्या बिऱ्हाडात, झोप तिसऱ्यांच्या खाटेखाली. त्याला तीन मजल्यांवर तीन नावे असतात. कुत्र्याचेही तसेच. तो जिन्याखाली झोपतो, अनोळखी माणसावर भुंकतो, आणि त्याला रोज कोण पोळी घालते हे कोणी मोजत नाही. चाळ भरलेली आहे तोवर ही व्यवस्था उत्तम चालते. खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली की मात्र पंचाईत होते. सगळ्यांचे असलेले जनावर एका दिवसात कोणाचेच राहत नाही. प्रत्येकाला वाटते, जो जास्त खायला घालत होता तो नेईल. शेवटचा टेम्पो निघून जातो आणि मांजर बंद दारांसमोरून फिरत राहते. मांजरी आपली पिल्ले सात घरी फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. दातांत धरून, एकेक करून, पण सगळी नेते. आपल्याला एकच घर बदलायचे असते, हाताशी टेम्पो असतो, आणि तरी एक जीव मागे राहतो.

म्हणून खोली सोडण्याच्या दोन-तीन महिने आधीच मजल्यावरच्या लोकांनी बसून हे ठरवावे, असे माझे मत आहे. भाड्याच्या धनादेशांसाठी आणि करारनाम्यासाठी बैठका होतातच, त्यात दहा मिनिटे याला द्यावीत. कोणते जनावर कोणत्या कुटुंबाबरोबर जाणार, हे नावानिशी ठरले पाहिजे. रस्त्यावरचा कुत्रा असेल तर गोष्ट वेगळी. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला सर्वसाधारणपणे त्याच्याच भागात परत सोडायचे असते. गाडीत घालून दूर कुठे तरी सोडून देणे हा उपाय नव्हे. त्याची नसबंदी आणि लस तुम्ही तिथून हलण्यापूर्वी उरकून घ्यावी.

यातली खरी अडचण नव्या टॉवरमध्ये येत नाही, मधल्या वर्षांत येते. पुनर्विकासात घर एकदा नाही, दोनदा बदलावे लागते. आधी भाड्याच्या जागेत किंवा संक्रमण शिबिरात, आणि तीन-चार वर्षांनी किंवा त्याहून उशिरा नव्या घरात. भाड्याच्या जागेचा मालक म्हणतो, जनावर चालणार नाही. दलाल म्हणतो, आधी राहायला जा, मग बघू. मग "गावी सोडू" हा विचार पुढे येतो. जागा शोधतानाच मालकाला स्पष्ट सांगावे, आणि मान्य झाले तर करारात एक ओळ लिहून घ्यावी. नंतर उघडकीला आले की भांडण तर होतेच, आणि त्या भांडणात बळी जनावराचा जातो.

आता गावी सोडण्याविषयी. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या जनावराला "मोकळी हवा" म्हणजे काय, याचा विचार करा. गावातल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. नवा आलेला पहिल्याच रात्री फाडला जातो. डोंगराकडेच्या गावांत बिबट्या अंगणातून कुत्रा उचलतो हे आपण जाणतोच. साप आहेत, शेतातली विषारी औषधे आहेत. यात माणसाचा संबंध येतो तो पिसाळण्यापाशी. लस न टोचलेला पाहुणा कुत्रा गावातल्या कुत्र्यांकडून चावला जातो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगणात खेळणाऱ्या मुलाला चावतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असेच समजावे. लस वेळेवर घेतली तर मात्र तो पूर्णपणे टळू शकतो. इतका भयंकर आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा दुसरा रोग क्वचितच सापडेल.

त्यामुळे हे लक्षात ठेवावे. कुत्रा किंवा मांजर चावले, किंवा नुसते ओरखडले आणि रक्त आले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. मग लगेच दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून काही वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती पद्धत केव्हाच गेली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने देतात, पण ठरलेल्या तारखा चुकवून चालत नाही. आणि "कुत्रा मरतो का बघू, मग जाऊ" हा गावठी हिशेब तर कधीच करू नये.

जनावराला लस टोचून घेणे हे तर स्थलांतराच्या तयारीतले पहिलेच काम. परळच्या लोकांना बैलघोडा हॉस्पिटल सांगायला नको. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे ते पशुरुग्णालय बैलगाड्या आणि घोडागाड्यांच्या काळातले, आणि मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच १८८६ साली सुरू झाले. नाव बैलघोड्यांचे असले तरी कुत्र्या-मांजरांवर तिथे उपचार होतात. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली उघडले. रेबीजची लस दरवर्षी द्यावी, आणि कुत्र्याला पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसचीही. जुन्या इमारती पाडल्या की उंदीर-घुशी सैरावैरा आसपास पसरतात, आणि तुंबलेल्या पाण्यातून त्यांच्या मुत्रातले जंतू कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही गाठतात. नसबंदी झाली नसेल तर तीही हलण्याच्या निदान महिनाभर आधी करावी. नसबंदी केलेला बोका नव्या जागेतून सहसा भटकायला जात नाही.

कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर जागेला, हे जुने निरीक्षण पुष्कळसे खरे आहे. म्हणून कुत्र्यापेक्षा मांजराच्या बाबतीत जास्त धीर लागतो. टोपली आठ दिवस आधीच खोलीत उघडी ठेवावी, त्यात त्याचे रोजचे फडके घालावे, खाणे तिथेच द्यावे. मग ते आपण होऊन त्यात झोपू लागते. हमाल येण्याच्या आधी त्याला टोपलीत घेऊन झाकण लावावे. एका खोलीच्या बिऱ्हाडात दुसरी जागा नसते, आणि कपाट उचलण्याच्या गोंधळात पळालेले मांजर संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. निघण्यापूर्वी चार तास खायला देऊ नये, पाणी द्यावे. टेम्पोच्या मागे कपाटांमध्ये मुळीच ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. बंद टेम्पोतल्या उन्हात तासाभरात त्याचा जीव जाऊ शकतो. गुंगीचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. आणि माणसांची क्रोसिन मांजराला कधीही देऊ नये. अर्धी गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतते.

नव्या घरात आपल्याला सगळे चकचकीत हवे असते. फरशी फिनाईलने पुसायची, कपाटात डांबरगोळ्या टाकायच्या, कोपऱ्यात उंदराचे औषध ठेवायचे. यातली प्रत्येक गोष्ट मांजराला विषारी आहे. फिनाईलवरून चाललेले मांजर नंतर आपले पाय चाटते. साधे साबणाचे पाणी पुरते. त्याचे मळके फडके धुवू नये, टाकूनही देऊ नये. अख्ख्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो. सुरुवातीला एकाच खोलीत ठेवावे. जन्मभर बाहेर मातीत जाणाऱ्या मांजराला ट्रे म्हणजे काय हे कळत नाही, तेव्हा जुन्या चाळीच्या आवारातली चार ओंजळी माती बरोबर आणावी आणि ट्रेमध्ये वर पसरावी. पहिला दिवस ते पलंगाखालून निघणार नाही, जेवणारही नाही. त्याची काळजी नको. दोन दिवस उलटूनही अन्न घेत नसेल, किंवा बोका सारखा बसतो पण लघवी होत नाही असे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. वास्तुशांतीला धूर, गर्दी आणि दारावरची ये-जा असते, म्हणून त्या दिवशी त्याची खोली बाहेरून कडी लावून बंद ठेवावी. तीन-चार आठवडे दाराबाहेर सोडू नये. जुनी चाळ जवळच असेल तर ते हमखास तिकडे जाते, आणि तिथे आता जेसीबी चालू असतो.

टॉवरचा खरा धोका खिडकीचा आहे. चाळीच्या कठड्यावरून आणि कौलांवरून निर्धास्त चालणाऱ्या मांजराला अठरावा मजला वेगळा असतो हे कळत नाही. कबुतर दिसले की ते झेप घेते. कबुतरांसाठी बसवतात ती नायलॉनची जाळी मांजर नखांनी आणि दातांनी तोडू शकते. तिथे तारेची जाळी हवी. ती मांजर घरात आणण्याच्या आधी बसलेली असावी.

सोसायटीच्या बाबतीत दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे आहे. सर्वांनी हात वर करून ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. पण लिफ्टमध्ये कुत्र्याला मोकळा सोडणे आणि जिन्यातली घाण तशीच ठेवून जाणे हा कोणाचाच हक्क नाही. ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांच्या तक्रारीकडेही हसून पाहू नये. बंद फ्लॅटमध्ये केस आणि कोंडा चाळीपेक्षा जास्त साचतो. जनावराला निजायच्या खोलीत घेऊ नये, खिडक्या उघडाव्यात.

घरात सून गरोदर असली की मांजराची हकालपट्टी आधी होते, तीही विनाकारण. टॉक्सोप्लाझ्माची भीती खरी आहे, परंतु मांजराच्या विष्ठेतले ते जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक दिवस तरी लागतो. ट्रे रोज साफ करावा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी तरी करावे. कच्चे-अर्धवट शिजलेले मटण खाण्यानेही हा रोग होतो, त्याची मात्र कोणी चौकशी करत नाही.

आजोबांचेही असेच. चाळीच्या गॅलरीत दिवसभर चार माणसे भेटत, टॉवरमध्ये दार बंद झाले की कोणी भेटत नाही. कुत्र्याला फिरवायचा म्हणून सकाळ-संध्याकाळ खाली उतरणारा म्हातारा माणूस चालतो, बोलतो, शेजाऱ्यांना ओळखू लागतो. नेमका त्याच काळात त्याच्यापासून कुत्रा काढून घेऊ नये. नातवंडालाही "गावी पाठवला" म्हणून फसवू नये. मुले विचारत राहतात.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! तेव्हा कायद्याच्या धाकावर विसंबून काही होणार नाही. खरोखरच कोणाला बरोबर नेणे अशक्य असेल, तर गावी पाठवण्याआधी तिथे कोण सांभाळणार त्या माणसाचे नाव नक्की करावे, त्याचा होकार घ्यावा, लसीचे कार्ड बरोबर द्यावे, गळ्यात फोन नंबराचा पट्टा बांधावा आणि दर महिन्याचा खर्च पाठवावा. आणि गावाकडच्या वाचकांनी टोपली उतरवून घेण्याआधी ते लसीचे कार्ड मागावे. कार्ड नसेल तर पाहुण्यांना चहा द्यावा आणि मग सगळ्यांनी मिळून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.