इतक्या वर्षांनी?

तिशी उलटलेली मुलगी एके दिवशी सांगते की, लहानपणी मामाने आपल्यावर अत्याचार केला. घरातून पहिला प्रश्न येतो: मग इतकी वर्षे गप्प का बसलीस? वास्तविक याचे उत्तर घरालाच ठाऊक असते. ज्याच्या पैशावर शाळेची फी भरली जात होती, त्याच्याविरुद्ध सात वर्षांच्या पोरीने कोणाच्या आधारावर बोलावे? केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले; बहुतेकांनी तोवर त्याची वाच्यता कोणाकडेही केलेली नव्हती.

खरी कसोटी आईची. भाऊबीजेला त्याला ओवाळायचे की नाही, हा तिच्यापुढचा पेच कोणताही कायदा सोडवीत नाही. आणि तिला झटपट दोषी ठरविणाऱ्यांनी माहेराखेरीज तिला दुसरा कोणता आसरा होता, हेही सांगावे. मुलीची मागणी बहुधा एवढीच असते: तो येईल त्या कार्याला मला बोलावू नका.

अशा घरी कार्यकर्त्यांना समेटासाठी पाचारण होते. तो घडवू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यापूर्वीचे गुन्हे जुन्या भारतीय दंडविधानाखाली येतात. तक्रार अवघड असते, अशक्य नव्हे. ती करावी की नाही, हे तिने ठरवावे. त्या मामाच्या घरी आज कोणाची लहान मुले सुट्टीला जातात, ही चौकशी मात्र त्याच दिवशी झाली पाहिजे.