जंगलात न विचारलेला प्रश्न

गोव्यातल्या जुन्या माणसांची एक सवय मी लहानपणी पाहिली आहे. पाकल्यांच्या काळातली गोष्ट सांगता सांगता त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. मुक्तीला कितीतरी वर्षं झालेली, सोप्यावर घरच्या माणसांशिवाय कुणी नाही, तरीही. भिंतीला कान असतात ही म्हण त्यांच्यासाठी नुसती म्हण नव्हती.

सालाझारच्या त्या गुप्त पोलिसांचं नाव 'पिदे'. त्यांनी माणसांवर ठेवलेल्या नोंदी आज लिस्बनच्या 'तोर्रे दु तोंबु' या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. १९७४ साली पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि नव्वदच्या दशकात ते दप्तर अभ्यासकांना खुलं झालं. ज्यांनी पाळत ठेवली त्यांचे कागद आज वाचता येतात. मग आपणच मत देऊन निवडलेल्या सरकारच्या गुप्त खात्यांचं काय? त्यांचे कागद सर्वांनी वाचावेत असं कुणीच म्हणणार नाही. पण आपण विधानसभेत आणि संसदेत पाठवलेल्या माणसाने तरी ते पाहावेत की नाही?

या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला आदिलाबाद आठवतं. पणजीहून ते लांब, पण मराठी माणसाला परकं नाही. आजचे राजुरा आणि किनवट तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आदिलाबादच्या बाजारात आजही मराठी चालते. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरातली काही गावं तर अशी, की महाराष्ट्र म्हणतो आमची आणि तेलंगण म्हणतं आमची.

या जिल्ह्याने पोलिसांची गोळी अनेकदा पाहिली. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी कोमराम भीमला मारलं. पण त्यानंतर निजामाच्या सरकारने एक गोष्ट केली. गोंड का उठले हे समजून घ्यायला ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो मारलवाईत गोंडांमध्ये राहिला आणि जमिनी कशा गेल्या ते त्याने लिहून ठेवलं. राजेशाही होती, गोळी तिचीच होती, पण नंतर का होईना, प्रश्न विचारला गेला.

पुढे लोकशाही आली. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर गोंडांची सभा ठरली होती. आधी दिलेली परवानगी काढून घेतली गेली, पण डोंगरातून निघालेल्या माणसांपर्यंत ती बातमी पोचणार कशी? गोळीबार झाला. सरकारी आकडा १३. नागरी हक्कवाले साठाच्या आसपास सांगत आले. १३ आणि ६० यांच्यामध्ये जी माणसं आहेत ती कुठल्याच सरकारी कागदावर मेलेली नाहीत. गोंडांनी उभारलेला स्तूप पाडला गेला, तो पुन्हा उभा राहिला, आणि अनेक वर्षं २० एप्रिलला तिथे जमावबंदी लागत आली.

तिसरा प्रसंग जुलै २०१० मधला. वांकिडी मंडलाच्या जंगलात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, माओवाद्यांचा प्रवक्ता चेरुकुरी राजकुमार ऊर्फ आझाद आणि त्याच्यासोबतचा पत्रकार हेमचंद्र पांडे हे दोघे मारले गेले. खबर मिळाली होती, शोधमोहीम निघाली, चकमक झाली, असं पोलिसांचं म्हणणं. दोघांना नागपुरातून उचलून आणून मारलं, असं माओवाद्यांचं म्हणणं. त्या वेळी स्वामी अग्निवेश यांच्यामार्फत सरकार आणि माओवादी यांच्यात बोलणी सुरू व्हावी म्हणून पत्रव्यवहार चालू होता, आणि त्या पत्रव्यवहारात आझाद होता. म्हणून हे प्रकरण नेहमीसारखं चार ओळींच्या बातमीत संपलं नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये लालगडच्या सभेत ममता बॅनर्जींनी आझादच्या मृत्यूवर शंका घेतली, तेव्हा त्या केंद्रात मंत्री होत्या. संसदेत गदारोळ झाला. पण कशावर? मंत्र्याने असं बोलावं का, यावर. खबर कुठून आली, कुणाच्या हुकमावरून मोहीम निघाली, हे विचारायला संसदेपाशी समितीच नव्हती. शेवटी मृताची पत्नी आणि स्वामी अग्निवेश सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये, प्रजासत्ताकाने आपल्याच लेकरांना मारावं हे चालू देता येणार नाही, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले. सीबीआयकडे तपास गेला आणि २०१२ मध्ये चकमक खरी असल्याचा निष्कर्ष सीबीआयने दिला. अर्जदारांना तो पटला नाही.

चकमक खरी होती की खोटी, याचा निवाडा मी करणार नाही, माझा तो अधिकार नाही. माझा मुद्दा एवढाच की पोलिसांच्या कामाचा तपास दुसऱ्या पोलिसांनी केला, आणि निवडून आलेली माणसं बाहेर उभी राहून एकमेकांवर ओरडत राहिली.

याआधी आंध्रात एकदा दार किलकिलं झालं होतं. आणीबाणीतल्या चकमकींची चौकशी जयप्रकाश नारायण यांच्या सांगण्यावरून एका नागरी समितीने केली. तिचे प्रमुख आपले सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. समितीचा अहवाल आला तेव्हा १९७७ मध्ये आंध्र सरकारला भार्गव आयोग नेमावा लागला. साक्षी होऊ लागल्या, गोष्टी बाहेर येऊ लागल्या, आणि मग सरकारने सांगितलं की पुढचं कामकाज बंद दाराआड. तारकुंडे समितीच्या बाजूचे वकील बाहेर पडले आणि आयोगाचं काम तिथेच बारगळलं. बंद दार वाईटच असतं असं नाही. पण दाराच्या आत कोण बसणार हे ज्याची चौकशी आहे त्यानेच ठरवायचं म्हटल्यावर चौकशीला अर्थ तो काय राहिला?

आता कायद्याकडे वळू. इंटेलिजन्स ब्युरोची सुरुवात १८८७ ची, इंग्रजांची. 'रॉ' १९६८ ची. दोन्हींच्या मागे संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. लोकसभेच्या नियम २७० मध्ये समित्यांना साक्षीदार बोलावण्याचा आणि कागद मागण्याचा अधिकार आहे, पण लगेच पुढे सवलतही आहे. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं वाटलं तर सरकार कागद द्यायला नकार देऊ शकतं. माहिती अधिकाराच्या कायद्यातही कलम २४ ने गुप्तचर संस्थांना वगळलं आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारींपुरता अपवाद ठेवून. फोन ऐकण्याच्या परवानगीचं पुनरावलोकन करणारी समितीही सचिवांचीच. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती आली, डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही ती तशीच राहिली. हुकूम देणारा अधिकारी आणि तपासणाराही अधिकारी. आपल्याकडे म्हणतात तसं, कुंपणाची राखण कुंपणाकडेच.

हे कुणाला दिसलं नाही असं नाही. जानेवारी २०१० मध्ये, म्हणजे वांकिडीच्या घटनेच्या सहा महिने आधी, तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी रा. ना. काव स्मृती व्याख्यानात गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख हवी असं स्पष्ट सांगितलं. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक आणलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. अशाच मागणीची एक याचिका २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

आमदार-खासदारांना याची निकड वाटली नाही, कारण गोळी जंगलात चालत होती आणि पाळत जंगलातल्यांवर होती. पण गंमत पुढेच आहे.

एकत्र आंध्र प्रदेशात नक्षलवाद्यांची माहिती काढण्यासाठी पोलिसांची विशेष गुप्तवार्ता शाखा उभी राहिली. आदिलाबादसारख्या जिल्ह्यांसाठीच ती होती. राज्य विभागलं, शाखा तेलंगणाकडेही आली. ३ डिसेंबर २०२३ ला तेलंगणात निवडणुकीचा निकाल लागला, सत्ता गेली. दुसऱ्या दिवशी रात्री या शाखेच्या कार्यालयातल्या हार्ड डिस्क नष्ट केल्या गेल्या, असा आरोप आहे. मार्च २०२४ मध्ये हैदराबादच्या पंजागुट्टा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि अधिकाऱ्यांना अटक झाली. तपास पथकाचं म्हणणं असं की राजकारणी, पत्रकार, व्यापारी अशा अनेकांचे फोन माओवाद्यांचे साथीदार म्हणून दाखवून ऐकले गेले. आरोपींनी आरोप नाकारले आहेत आणि खरंखोटं न्यायालयात ठरेल. पण ज्या नावाखाली आदिलाबादच्या जंगलात कुणी प्रश्न विचारत नसे, तेच नाव हैदराबादच्या पुढाऱ्यांना लावलं गेल्याचा हा आरोप आहे. म्हणून तो लहान नाही.

महाराष्ट्रातही याच जातीची गोष्ट ऐकू आली. नाना पटोले यांचा फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांच्या व्यवहाराचं कारण दाखवून ऐकला गेला, हे प्रकरण २०२१ मध्ये विधानसभेत गाजलं. सरकारने पोलीस महासंचालकांची समिती नेमली, २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले. सरकार बदललं, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते गुन्हे रद्द झाले. एका सरकारच्या काळात गुन्हा, दुसऱ्याच्या काळात नाही. सभागृहाची स्वतःची, दोन्ही बाजूंची समिती असती तर तिचं उत्तर सरकारबरोबर बदललं नसतं, निदान इतक्या सहज तरी नाही.

संसदेचीही तीच तऱ्हा. पेगॅससच्या वेळी २८ जुलै २०२१ ला शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीची बैठक होती. सत्ताधारी सदस्यांनी हजेरीपटावर सही केली नाही, गणसंख्या झाली नाही, आणि बोलावलेले अधिकारी आलेच नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिला तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच आहे हे ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने नोंदवलं.

दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. आदिलाबाद-गडचिरोलीत खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी गरीब आदिवासींना मारलं आहे. एक नाव फुटलं की एक माणूस गेला. आपले पुढारी पोटात गोष्ट ठेवतील याची खात्री कोण देणार? शिवाय सभागृहाची समिती सूड उगवण्यासाठीही वापरली जाते. आंध्र विधानसभेने २०२२ मध्ये आधीच्या सरकारच्या पेगॅसस-खरेदीची चौकशी करायला समिती नेमली, ती अखेर मतदारांच्या माहितीच्या चोरीकडे वळली आणि सत्ताधाऱ्यांच्या हातचं हत्यार झाल्याचा आरोप ओढवून बसली.

हे सगळं मान्य. पण समितीला खबऱ्याचं नाव नकोच आहे. तिला हवं ते एवढंच: हुकूम कुणाचा, कारण काय दाखवलं, फोनचा खरा मालक कोण, आणि त्यातून निघालं काय. तेही काम संपल्यावर, बंद खोलीत, विरोधी पक्षाचा माणूस समोर बसवून. अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयएच्या परदेशी नेत्यांना मारण्याच्या कटांपर्यंत सगळं उकरलं. देश बुडाला नाही. पुढच्याच वर्षी सिनेटने कायमची समिती केली. ब्रिटनने १९९४ मध्ये कायद्याने समिती आणली. म्हणून तिकडे सगळं आलबेल झालं असंही नाही. सीआयएची माणसं सिनेट समितीच्याच संगणकांत शिरली आणि २०१४ मध्ये सीआयएच्या संचालकांना माफी मागावी लागली. पण माफी कुणाकडे मागायची हे तरी तिथे ठरलेलं होतं.

आता माओवादी चळवळ ओसरली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपालसारखा वरिष्ठ नेता साथीदारांसह शरण आला. ज्या कारणासाठी यंत्रणा उभी राहिली ते कारण आटत चाललं, यंत्रणा मात्र आहे. कान आहेत, यंत्रं आहेत. ती रिकामी बसणार नाहीत.

आपण पर्वरीला चाळीस आमदार पाठवतो. अमली पदार्थ आणि पोलीस यांच्या संबंधांवर आपल्याच सभागृहाच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला होता, म्हणजे विचारायचं म्हटलं तर सभागृहाला विचारता येतं. मग आपल्या आमदाराला एकदा विचारून पाहा: गोव्यात गेल्या वर्षी किती फोन ऐकले गेले, हे तुम्हाला माहीत आहे का? नुसता आकडा, नावं नकोत. उत्तर 'नाही' असंच येईल असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर मला आनंद होईल.

तेलंगणाच्या त्या नष्ट झालेल्या डिस्कमध्ये माओवाद्यांविषयीची वर्षानुवर्षांची माहितीही होती, असं तक्रारीत म्हटलं आहे. ते खरं असेल तर आदिलाबादच्या कित्येक रात्रींचा हिशेब तिच्यातच गेला. पाकल्यांनी जाताना कागद तरी शिल्लक ठेवले होते.