अर्धवट ईमेल सुटू नये म्हणून

अर्धवट लिहिलेला ईमेल चुकून समोरच्याकडे गेला की सगळा दोष लिहिणाऱ्याच्या धांदलीवर टाकला जातो. हा अन्याय आहे. वर्डमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा हात परिच्छेद आत सरकवायला आपसूक टॅबकडे जातो. संगणकावर जीमेलमध्ये मजकूर लिहिताना मात्र टॅब दाबला की परिच्छेद सरकत नाही, ‘सेंड’चं बटण निवडलं जातं, पाठोपाठ एंटर दाबला की ईमेल रवाना. कंट्रोल-एंटरची जोडी वर्डमध्ये नवं पान सुरू करते, जीमेल आणि आउटलुकमध्ये ईमेल पाठवते. इथे घात करते ती हाताला लागलेली सवय, तिला बेपर्वाई म्हणता येत नाही.

आणि गेलेला ईमेल परत आणता येत नाही. ईमेलची देवघेव आजही १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी या नियमावलीच्या पायावर चालते आणि त्यात पाठवलेलं मागे घेण्याची सोयच नाही. आउटलुकचं ‘रिकॉल’ आपल्याच संस्थेच्या आत उपयोगी पडतं, बाहेरच्या पत्त्यावर नाही. जीमेलचं ‘अनडू’ २००९मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि २०१५मध्ये रीतसर सुविधा झालं. तेही काही परत आणत नाही, ईमेल थोडा वेळ रोखून धरतं, एवढंच. ही मुदत ५, १०, २० किंवा ३० सेकंदांची ठेवता येते. आपण सेटिंग उघडलंच नाही तर ती पाचच सेकंद राहते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. बहुतेक लोक सेटिंगच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे कंपनीने लावून दिलेला आकडा हाच त्यांच्यासाठी नियम होतो. तो ३० असायला हवा.

यावर कोणी म्हणेल की कामाची गती मंदावेल. पण ज्याला अर्ध्या मिनिटात उत्तर हवं असतं तो फोन करतो. कोणी म्हणेल, पाठवण्याआधी ‘नक्की पाठवायचं का?’ असं विचारलं की झालं. दिवसाला पन्नास वेळा तोच प्रश्न आला तर बोट न वाचताच ‘हो’ दाबू लागतं. त्यापेक्षा न विचारता थांबणं बरं. अर्ध्या मिनिटानंतर चूक लक्षात आली तर काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय एकच: मजकूर, जोडपत्रं, विषय सगळं झाल्यावर शेवटी पत्ता घालायचा. पत्त्याची जागा रिकामी असेल तर कोणतंही बटण दाबलं तरी ईमेल जाणार नाही. खरा धोका ‘रिप्लाय’मध्ये, कारण तिथे पत्ता आधीच भरलेला असतो, आणि रागाची किंवा वादाची पत्रं बहुधा उत्तरादाखलच लिहिली जातात. तिथे पहिलं काम पत्ता पुसण्याचं. ‘रिप्लाय ऑल’मध्ये पत्ते पुन्हा गोळा करणं जिकिरीचं, म्हणून तो मसुदा वेगळ्या फाइलमध्ये लिहावा.

कार्यालयांनी हे कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या व्याख्येनुसार वैयक्तिक माहिती अपघाताने उघड होणं हासुद्धा डेटाचा भंगच आहे. अर्धवट मसुद्यात रुग्णांची किंवा खातेदारांची यादी असली तर प्रकरण दिलगिरीवर मिटत नाही. आउटलुकच्या क्लासिक डेस्कटॉप आवृत्तीत नियम लावून प्रत्येक ईमेल १२० मिनिटांपर्यंत रोखता येतो. बाहेर जाणाऱ्या पत्रांना निदान दोन मिनिटांची मुदत नव्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर पहिल्याच दिवशी लावून द्यावी.