लहान शहराची सुरक्षितता : कोणासाठी, कशापासून?

प्राध्यापकांच्या खोलीत परीक्षांची वेळापत्रके आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय नियमाने निघतो. महानगर सोडून एखाद्या लहान शहरात जाऊन राहावे, हा तो विषय. कोणी सातारा म्हणते, कोणी वाई, कोणी सांगली किंवा रत्नागिरी. सीमाभागाशी नाते असलेले सहकारी धारवाडचे नाव घेतात. कारणे बहुधा सारखीच असतात : रहदारी, हवा, घरांच्या किमती, म्हाताऱ्या आईवडिलांचा एकटेपणा. आणि या सगळ्याच्या शेवटी, त्याला काही पुरावा लागत असेल अशी शंकाही न घेता, एक वाक्य येते : 'शिवाय तिथे सुरक्षित असते.'

आम्ही उभयता मराठी शिकवतो आणि आमच्यापुढे हा प्रश्न केवळ गप्पांपुरता उरलेला नाही. घरात दोन वृद्ध माणसे आहेत, मुलगी पुढच्या वर्षी दहावी होईल, आणि राहते घर सोडायचे की नाही हे त्याआधी ठरवावे लागणार आहे. म्हणून त्या वाक्याशी थोडे थांबावेसे वाटले. भाषेच्या शिक्षकाने विशेषणाला निदान एवढे तरी विचारावे, की तू कोणाचे विशेषण आहेस आणि कोणाच्या तोंडून आले आहेस.

प्रथम पुराव्याविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शहरांची म्हणून जी स्वतंत्र कोष्टके असतात, ती २० लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांची. मुंबई, पुणे, नागपूर त्यांत सापडतात. सातारा, सांगली, वाई सापडत नाहीत. लहान शहरांचे गुन्हे जिल्ह्याच्या आकड्यांत मिसळून जातात. म्हणजे लहान शहराची सुरक्षितता आपल्याला बहुतांशी ऐकीव माहितीवरूनच कळते. ऐकीव माहिती खोटीच असते असे नव्हे. पण ती सांगणारा कोण, यावर तिचा अर्थ ठरतो. 'आमच्या गावात कधी काही होत नाही' असे म्हणणारा माणूस बहुधा गावातल्या जुन्या घराचा, चार पिढ्यांच्या ओळखीचा आणि पुरुष असतो. त्याच गावात नव्याने नोकरीवर आलेल्या परिचारिकेला, किंवा खोली शोधणाऱ्या परप्रांतीय मजुराला, हाच प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

दुसरे, धोका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चोर येतो, नदी येत नाही. आपली जुनी शहरे नदीकाठी वसली आणि नदीच्या अंगणातच वाढली. सांगलीला मराठी नाटकाचे आम्हां सर्वांना प्रेम. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले ते याच गावी. त्याच सांगलीत पावसाळ्यात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ चा महापूर होता आणि दोनच वर्षांनी २०२१ चा आला. कोल्हापुरात हेच माप राजाराम बंधाऱ्यावर घेतले जाते. तिथे ३९ आणि ४३ हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. महाडचे उदाहरण त्याहून कठीण आहे. २००५ आणि २०२१ चे पूर, २०१६ साली सावित्रीवरील पूल वाहून जाणे, २०२० साली पाच मजली इमारत कोसळणे आणि २०२१ च्या जुलैत तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळणे, एवढे सारे सोळा वर्षांत एका लहानशा तालुक्याच्या वाट्याला आले. उलट टोकाला लातूर. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला पिण्याचे पाणी आगगाडीने पुरवावे लागले, आणि ती गाडी सुटे ती सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून. ज्या भागाला पाण्याचे भय, त्याच भागातून पाण्यासाठी तहानलेल्या शहराला पाणी गेले.

यातून या शहरांत राहू नये असे आम्हांला सुचवायचे नाही. लाखो माणसे तिथे राहतात आणि पूर ओसरल्यावर गाळ काढून पुन्हा दुकाने उघडतात. सुचवायचे आहे ते इतकेच, की घर पाहायला जाणाऱ्याने शेजार कसा आहे हे जसे विचारावे, तसेच निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हेही विचारावे. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत आणि शंभर वर्षांत एकदा येणारा लाल रेषेपर्यंत पोचेल, असा तो हिशोब. निसर्गाचा धोका निदान नकाशावर काढता येतो. माणसांकडून असणारा धोका तसा काढता येत नाही, आणि आमचा खरा मुद्दा तिथे सुरू होतो.

लहान शहराच्या सुरक्षिततेचे मूळ ओळखीत असते. भाजीवाली आपल्याला नावाने हाक मारते, मुलगी शिकवणीहून उशिरा परतली तर कोपऱ्यावरचा दुकानदार पाहून ठेवतो, वडिलांना रस्त्यात भोवळ आली तर कोणीतरी घरी आणून सोडते. ही फार मोठी गोष्ट आहे आणि महानगरात ती विकतही मिळत नाही. पण जो दुकानदार मुलगी परतली का हे पाहतो, तोच ती कोणाबरोबर परतली हेही पाहतो आणि संध्याकाळपर्यंत ते चार घरी पोचलेले असते. राखण आणि पाळत या दोन्ही कामांना तेच डोळे लागतात. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत व ते आपण उगाच एकमेकांच्या जागी वापरतो. 'सुरक्षित' म्हणजे ज्याचे रक्षण कोणीतरी करते आहे तो. त्यात राखणारा गृहीत आहे आणि त्याच्या अटीही. 'निर्धास्त' म्हणजे ज्याच्या मनाला धास्ती नाही तो. एखादी मुलगी एखाद्या गावात पूर्ण सुरक्षित असूनही दिवसभर निर्धास्त नसू शकते. आईबाप 'सुरक्षित' म्हणतात तेव्हा त्यांना पहिला अर्थ अभिप्रेत असतो. मुलींना विचारले तर त्या दुसरा मागतील असे आम्हांला वाटते.

शिवाय ओळखीचे हे छत्र सर्वांवर सारखे धरले जात नाही. गेल्या वर्षी आम्ही एका शहरात भाड्याची घरे पाहिली. घरमालकांचे प्रश्न सौजन्याचे होते : मूळ गाव कुठले, आडनाव काय, खाण्यापिण्याचे कसे. आमच्या आडनावाने पुढचे प्रश्न संपवले आणि चहा आला. त्याच आळीत, त्याच आठवड्यात, आमच्याइतक्याच पदव्या आणि आमच्याइतकाच पगार असलेल्या एका सहकाऱ्याला 'जागा कालच गेली' असे सांगण्यात आले. जागा गेलेली नव्हती. कोणी अपशब्द वापरला नाही, भांडण झाले नाही, पोलिसांत नोंदवण्याजोगे काही घडले नाही. शहर सुरक्षितच राहिले.

ही गोष्ट नवी नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले. राजा पुरोगामी, शहर नेटके, वस्ती सुमारे लाखाची; आजच्या भाषेत ज्याला आपण 'राहण्याजोगे लहान शहर' म्हणू, तसे. तिथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले आणि नाव उघड झाल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांनी महाडला जे घडले त्याचाही पाठ वेगळा नाही. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी त्या ठरावाप्रमाणे पाणी प्यायलेल्या माणसांवर त्याच गावात हल्ला झाला आणि पुढे तो ठरावही मागे घेण्यात आला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. दया पवारांच्या 'बलुतं'पासून ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'पर्यंतची आत्मकथने वर्गात शिकवताना आपण गावाकडून मुंबईकडे येणारी वाट दाखवतो. त्या मुंबईतही जातवार चाळी होत्या, हे खरेच. पण रस्त्यावर, गिरणीत, लोकलच्या डब्यात अनोळखी राहण्याची सोय होती. आज जे महानगर सोडून ओळखीच्या गावाकडे निघाले आहेत त्यांनी, काहींच्या आजोबांनी नेमक्या त्या ओळखीपासून पळ काढला होता, हे विसरू नये.

मतांच्या बाबतीतही लहान शहराचा अनुभव सरळ नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडला इंग्रजी शिकवत हयातीतला मोठा काळ काढला. लोकांपासून दूर राहून लिहिण्याची मुभा त्या शहराने त्यांना दिली. त्याच धारवाडात ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी, दार ठोठावून घरी आलेल्या मारेकऱ्यांनी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात, सकाळच्या फेरीहून परतताना, घराजवळ गोळीबार झाला. त्यांना ओळखत नाही असा माणूस त्या शहरात विरळा असेल. या ओळखीने त्यांना वाचवले नाही.

यावर आमचे मित्र विचारतील, की मग महानगर अधिक सुरक्षित का? तसे आम्ही म्हणत नाही. डॉ. दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातल्या पुलावर झाली, आणि २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो मुंबईच्या सांताक्रूझला. शिवाय वृद्ध आईवडिलांना पाचव्या मजल्यावर बंद दाराआड ठेवून दोघांनी नोकरीला जाणे, यालाही सुरक्षित म्हणवत नाही. आमचे म्हणणे आकाराविषयी नाही. शहराची सुरक्षितता त्याने आपल्या माणसांना कसे सांभाळले यावर मोजू नये. अनोळखी माणसाला, नावडत्या मताच्या माणसाला, कोणाचीही कोणी नसलेल्या बाईला ते कसे वागवते यावर मोजावी. आपली माणसे तर टोळीही सांभाळते.

आणि अशी सुरक्षितता लहान शहरांना परकी आहे असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसतील असे वसतिगृह चालवले. मिरजेत १८९४ पासूनच्या मिशन रुग्णालयामुळे दूरदूरचे रुग्ण त्या लहान गावात येऊ लागले. परक्या मुलाला झोपायला जागा, परक्या आजाऱ्याला खाट, परक्याच्या हातचा चहा : शहर निर्धास्त होते ते अशा गोष्टींनी. त्या आपोआप झाल्या नाहीत. कोणीतरी विरोध पत्करून, पदरचे पैसे घालून त्या केल्या. आणि एकदा केल्या म्हणजे कायमच्या टिकतात असेही नाही. २००९ साली मिरजेत दंगल उसळली, २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात तणाव पेटला. वारसा असतो, पण त्याची रोजची झाडलोट राहिली की त्यावर धूळ बसते.

म्हणून आता शहर निवडताना आमची प्रश्नावली बदलली आहे. पूररेषा आणि उन्हाळ्यातले पाणी हे पहिले दोन प्रश्न. रात्री नऊनंतर रस्त्यावर बायका एकट्या चालताना दिसतात का, हा तिसरा. आणि त्याचे उत्तर गावातल्या पुरुषाकडून घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. नोकरदार स्त्रियांसाठी व मुलींसाठी वसतिगृह आहे का, सार्वजनिक वाचनालयात वाचायला बसणाऱ्याला कोणी 'तुम्ही कोणाचे?' असे विचारते का, मध्यरात्री दवाखान्यात डॉक्टर भेटतो का, हे त्यानंतरचे. शेवटचा प्रश्न आमच्या त्या सहकाऱ्याचा आहे : त्याला त्या शहरात, खरे आडनाव सांगून, घर मिळेल का?

या शेवटच्या प्रश्नाला मनासारखे उत्तर देणारे शहर आम्हांला अजून सापडलेले नाही. तरीही आम्हांला बहुधा जावे लागेल. घरातल्या वृद्धांची निकड खरी आहे. गेलो तर त्या गावातले आम्ही ओळखीचे लोक होऊ, म्हणजेच घरमालकांच्या, दुकानदारांच्या, पाहून ठेवणाऱ्यांच्या बाजूचे. मग 'जागा कालच गेली' असे आमच्यादेखत कोणाला सांगितले गेले, तर जागा रिकामी आहे हे मोठ्याने सांगणे आमच्याकडे येईल. शहर निवडणे म्हणजे ही जबाबदारीही निवडणे. जे सहकारी वाई, सातारा, सांगलीची घरे पाहत आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी एवढा विचार करावा असे आम्हांला वाटते.