दिवाळीचा पैसा आणि आपली जबाबदारी

दिवाळी तोंडावर आली की आपल्या माणसांच्या हातात चार पैसे येतात. कुणाचा बोनस, कुणाची भिशी, कुणाचे उसाचे पैसे. हे जसे आपल्याला माहीत असते, तसेच फसविणाऱ्यालाही माहीत असते. म्हणून याच दिवसांत नव्या योजना निघतात आणि अनोळखी फोन वाढतात.

२०१९ ची दिवाळी आठवावी. ऐन सणाच्या आठवड्यात डोंबिवली, ठाणे परिसरातील गुडविन ज्वेलर्सची दुकाने बंद झाली. मुलीच्या लग्नासाठी दरमहा हप्ते भरणारी मराठी कुटुंबे कुलपासमोर उभी राहिली. संचालकांना डिसेंबरमध्ये अटक झाली, पण अटक होणे आणि पैसे परत मिळणे यांत फार अंतर असते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. सराफाकडील हप्ता, खासगी भिशी किंवा एजंटाच्या वहीतील नोंद यांना असा कोणताही विमा नाही. कंपनी असलेल्या सराफाने आगाऊ पैशाचा माल ३६५ दिवसांत दिला नाही, तर नियमाने ती रक्कम ठेव ठरते. बहुतेक योजना अकरा महिन्यांच्या असतात त्या यासाठीच. मुदत संपल्यावर "अजून वर्षभर राहू द्या, जास्त देतो" असे कुणी म्हणाले, तर त्याच दिवशी दागिना घेऊन मोकळे व्हावे. ठेवी घेण्याची परवानगी कोणाला आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पाहता येते.

फोनबाबत दोनच नियम पुरेत. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाही. तरी पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते. लवकर कळले तर बँकेला ती अडविता येते, उशिरा कळले तर हाती फक्त तक्रारीचा कागद राहतो.

पण सगळा भार सामान्य माणसावर टाकणे आम्हाला मान्य नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा २०१९ पासून आहे. त्याची माहिती बारडोलीच्या मामलतदार कचेरीत आणि नगरपालिकेत गुजरातीबरोबर मराठीतही लावावी, अशी आमची मागणी आहे. लोकप्रतिनिधींनी अशा दुकानांची फीत कापण्यापूर्वी त्यांचे कागद पाहावेत. त्यांचा फोटो पाहूनच आपली माणसे पैसे भरतात. आणि मंडळानेही आधी स्वतःपासून सुरुवात करावी. जादा व्याजाचे आमिष दाखविणाऱ्यांची जाहिरात स्मरणिकेत घेऊ नये, त्यांची देणगी गणेशोत्सवात स्वीकारू नये. चार पैसे कमी आले तर मांडव थोडा लहान होईल, एवढेच.

१९२८ मध्ये याच तालुक्याने सरकारला साऱ्याचा हिशेब विचारला. चौकशी झाली आणि २२ टक्क्यांची वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. सरकारला हिशेब विचारणाऱ्या गावात राहून आपण एजंटाला पावती मागायला का संकोचतो? यंदा पावती मागा. देत नसेल, तर पैसेही देऊ नका.