चिखलाचा टायर नेमका कुणाला लागतो?

मृगाचा पाऊस जवळ आला, की टायरच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक हमखास दिसतं. थार, बोलेरो, जिम्नी किंवा जपून ठेवलेली एखादी जुनी जिप्सी घेऊन ते येतं. गाडीचे टायर अजून निम्मेही झिजलेले नसतात. पण भिंतीला टेकवून ठेवलेल्या, बोटाच्या जाडीएवढ्या खोल खाचांच्या त्या दणकट टायरवरून त्याची नजर हलत नाही. दुकानदार साइज विचारतो, गिऱ्हाईक भाव विचारतं. सोबत आलेला कॉलेजातला मुलगा म्हणतो, "बाबा, हेच घ्या, गाडी काय दिसेल!" आणि सौदा ठरतो. गाडी वर्षभर चालते कुठे, हे मात्र तिघांपैकी कुणीच विचारत नाही.

खरं तर टायर घेताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

तीन जाती, तीन स्वभाव

जीपच्या धाटणीच्या गाड्यांसाठी मुख्यतः तीन जातींचे टायर मिळतात. पहिला एच.टी., म्हणजे हायवे टेरेन. बारीक नक्षीचा, शांत आणि डांबरावर घट्ट बसणारा. दुसरा ए.टी., म्हणजे ऑल टेरेन. याच्या खाचा थोड्या रुंद असतात; डांबर, मुरूम, शेतरस्ता असं सगळं तो जमवून घेतो. तिसरा एम.टी., म्हणजे मड टेरेन. हाच तो चिखलाचा टायर. अलीकडे ए.टी. आणि एम.टी.च्या मधली आर.टी. म्हणजे रगेड टेरेन नावाची जातही बाजारात आली आहे.

एम.टी.ची करामत समजून घ्यायची, तर ट्रॅक्टरचं मागचं चाक डोळ्यांसमोर आणावं. त्यावर रबराचे मोजके, उंच दांडे असतात आणि दोन दांड्यांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा असते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली, की साबणासारखी निसरडी आणि डिंकासारखी चिकट होते. एच.टी. टायरच्या बारीक खाचा चाकाच्या दोन-चार फेऱ्यांतच या मातीने लिंपून जातात आणि टायर सारवलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत होतो. मग इंजिन कितीही ओरडलं, तरी चाक जागच्या जागी फिरत राहतं. एम.टी.च्या रुंद खाचांतला चिखल मात्र चाक फिरेल तसा बाहेर फेकला जातो आणि रबराचे ठोकळे पुन्हा नव्याने मातीत रुततात. त्याची कडेची भिंतही जाड असते, तिच्यावरही ठोकळे असतात. त्यामुळे चाकोरीच्या कडा धरून तो वर चढतो आणि अणकुचीदार दगडाने सहसा फाटत नाही.

एवढा गुणी टायर असेल, तर सगळ्यांनीच का घेऊ नये?

डांबरावरची किंमत

गाडीचं प्रत्येक चाक एका वेळी जेमतेम तळहातापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर रस्त्याला टेकलेलं असतं. ब्रेक दाबला, की दीड-दोन टनांची गाडी थांबवायचं काम या चार तुकड्यांवर येतं. एम.टी.मध्ये यातली बरीच जागा खाचांनी व्यापलेली असते. चिखलात जी मोकळी जागा वरदान ठरते, तीच डांबरावर रबर कमी पडण्याचं कारण होते. शिवाय उंच ठोकळे ब्रेक लावताना आणि वळताना किंचित वाकतात. पकड कमी होते आणि स्टिअरिंग थोडं उशिरा ऐकल्यासारखं वाटतं. ओल्या डांबरावर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. एच.टी. टायरवर जी गाडी वेळेत थांबली असती, ती एम.टी.वर आणखी पुढे सरकते.

बाकीचे तोटे त्या मानाने किरकोळ. एम.टी. वजनाला जड असतो, त्यामुळे डिझेल जास्त लागतं. वेग वाढला, की घूं-घूं असा आवाज गाडीत भरून राहतो. मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांना लांबच्या प्रवासात तो नकोसा होतो. ठोकळे एका बाजूने झिजले तर आवाज आणखी वाढतो. म्हणून दर ७-८ हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी लागते.

आता गंमत पाहा. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता खुला झाला. वाशीम किंवा बुलढाण्याच्या शेतातून, काळ्या मातीतून निघालेली गाडी थोड्याच वेळात ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी असलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर येते. माती तीच, गाडी तीच, कुटुंबही तेच. पण टायरकडून दोन्ही ठिकाणी मागणी अगदी उलट असते.

वाईट दिवस की रोजचा दिवस?

म्हणून प्रश्न असा, की टायर वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसासाठी घ्यावा की उरलेल्या दिवसांसाठी? याचं उत्तर शोधताना एक साधा हिशोब करावा. टायर कमी पडला, तर कुठे काय नुकसान होईल?

समजा, ठाण्यातलं एक कुटुंब आहे. रोज ऑफिस, महिन्यातून एकदा गाव, पावसाळ्यात माळशेज किंवा ताम्हिणी घाटात सहल. धबधब्याजवळचा कच्चा रस्ता वर्षाला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. तिथे गाडी रुतली, तर कपडे खराब होतील, दोन तास जातील आणि जवळच्या वाडीतला ट्रॅक्टर दोर बांधून गाडी बाहेर काढेल. पण तोच घाट उतरताना, धुक्यात, वळणापलीकडे अचानक उभी एस.टी. दिसली आणि गाडी वेळेत थांबली नाही, तर ते नुकसान कुठल्याही ट्रॅक्टरने भरून निघत नाही. या कुटुंबाला एम.टी.ची गरज नाही. चांगला एच.टी. किंवा ए.टी. टायर, तोही खाचा झिजायच्या आत बदललेला, हेच त्यांचं खरं संरक्षण.

दुसरं घर यवतमाळकडच्या शेतकऱ्याचं. गाडी वर्षभर तालुक्याला जाते, पण जुलै ते सप्टेंबर शेतावरचा चार किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसता राडा. इथे ए.टी. किंवा आर.टी. टायर बहुतेक दिवस निभावून नेतो. तेवढ्याने भागत नसेल, तर जुन्या बाजारातून रिमचा एक जादा सेट घेऊन त्यावर एम.टी. चढवून ठेवता येतात. पेरणीच्या सुमारास ते लावायचे आणि दिवाळीच्या आत काढायचे. सुरुवातीला खर्च दिसतो, पण दोन्ही सेट निम्मे-निम्मे झिजत असल्याने पैसा वाया जात नाही.

तिसरी गाडी मेळघाटात किंवा भामरागडच्या पाड्यांवर फिरणारी. पावसाळ्यात बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला कधी कधी तीच एक गाडी असते. इथे हिशोब उलटतो. चिखलात अडकणं हाच जिवाचा धोका असतो. अशा गाडीला एम.टी.च हवेत, यात शंका नाही. कूर्गमधल्या कॉफीच्या मळ्यात पावसाळाभर चढ-उतार करणाऱ्या जीपचंही तसंच. मात्र अशी गाडी डांबरी रस्त्याला लागली, की चालवणाऱ्याने वेग कमी ठेवायचा आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवायचं. हा नियम टायरसोबतच घरी आणावा लागतो.

गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये गुडघाभर चिखलातून उसळणाऱ्या गाड्या पाहून अनेकांना एम.टी.ची हौस लागते. त्या गाड्यांना विंच असते, सोबत मदतीला दुसरा माणूस असतो. तिथला टायर शाळेच्या रस्त्यावर शोभेलच असं नाही.

साइजचा मोह

एम.टी. घेताना बहुतेक जण एक-दोन साइज मोठा टायर घेतात. गाडी उंच दिसते, हे खरं. पण आकडे काय सांगतात ते पाहावं. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के उंची, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. या हिशोबाने चाकाची एकूण उंची होते सुमारे ७०४ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ चढवला, तर उंची होते सुमारे ७३४. गाडी जमिनीपासून अवघी १५ मिलिमीटर उचलली जाते. पण वेगाचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३च्या पुढे धावत असते. इंजिनला चढावर जास्त दम लागतो, ब्रेकवर ताण येतो आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. तेव्हा कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच साइज घ्यावा. मूळ साइजचा चांगला एम.टी. चिखलात पुरेसं काम करतो.

पैसे देण्यापूर्वी

टायरवर आय.एस.आय.ची खूण पाहावी. साइजनंतरचा आकडा वजनाचा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. त्यापुढचं अक्षर वेगाचं. अनेक एम.टी. टायरवर क्यू असतं, त्याची कमाल मर्यादा ताशी १६०. कडेवरच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: २३२५ असेल, तर २०२५ सालचा २३वा आठवडा. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला टायर स्वस्तात मिळाला, तरी रबर कडक झालेलं असतं.

टायर चारही एकाच जातीचे, एकाच साइजचे असावेत. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत तर नक्कीच. पुढे एक, मागे दुसरा असा संसार केला, तर गिअरच्या भागांवर फुकटचा ताण येतो. जमल्यास स्टेपनीही त्याच साइजची ठेवावी. आणि टू व्हील ड्राइव्ह गाडीला एम.टी. लावले म्हणून ती फोर व्हील होत नाही, हे आधीच मान्य करावं.

हिमालयाच्या सहलीसाठी एम.टी. घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. टायरवर 'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ असं लिहिलेलं असलं, तरी गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर मोठे ठोकळे घसरतात. खऱ्या हिमवर्षावासाठीच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असतं.

नव्या टायरपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळणाऱ्या दोन वस्तू अनेकदा जास्त उपयोगी पडतात: हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. रस्त्यावर ३० ते ३५ पी.एस.आय. हवा लागत असेल, तर चिखलात ती १८ ते २० पर्यंत उतरवता येते. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि साधा ए.टी. टायरही अडचणीतून बाहेर निघतो. मात्र डांबरी रस्ता लागताच थांबून हवा पुन्हा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

एवढं सगळं तोलून कुणी एम.टी. बसवलेच, तर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर जपून चालवावे. नव्या रबराची पकड हळूहळू येते. मग पहिल्या पावसात मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नाही हे पाहून ताशी ४० वरून ब्रेक दाबून पाहावा. गाडी किती पुढे जाऊन थांबते, ते मनात पक्कं करावं. आणि घरात जो जो ती गाडी चालवतो, मग तो मुलगा असो, सून असो की ड्रायव्हर, त्या प्रत्येकाला ते एकदा स्वतः करायला लावावं.