रिकाम्या जहाजाला ‘विचित्र’ म्हणू नये

इंग्रजीतले ‘वीअर्ड’ आणि ‘ईअरी’ हे शब्द मराठीत आणताना आपण बहुतेकदा दोघांचीही ‘विचित्र’वर बोळवण करतो, फार तर ‘गूढ’वर. अर्थाचे यात मोठे नुकसान होते. ब्रिटिश समीक्षक मार्क फिशर यांचे या जोडीवरचे पुस्तक २०१६ साली आले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: जे जिथे असायला नको ते तिथे दिसले की ‘वीअर्ड’, आणि जिथे कुणी असायला हवे तिथे कुणीच नसले, किंवा कुणी नसावे तिथे चाहूल लागली, की ‘ईअरी’. मॅकबेथला माळावर भेटणाऱ्या तिघी पहिल्या प्रकारच्या. बायका म्हणाव्यात तर तोंडावर दाढ्या! आता ‘मेरी सेलेस्ट’ हे जहाज पाहा. डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान ते भरकटताना सापडले. पोटात अल्कोहोलची १७०१ पिंपे होती, खलाशांचे सामानसुमानही होते. एक होडी मात्र नव्हती. आणि कप्तान, त्याची बायको, लहानगी मुलगी, सात खलाशी, या दहांपैकी एकही जण नव्हता. त्या डेकवर विचित्र असे काहीच नव्हते. अंगावर काटा येतो तो तिथे नसलेल्या माणसांमुळे.

यावर कुणी म्हणेल, हा अभ्यासकांचा काथ्याकूट झाला. आजची तरुण मुले कशालाही ‘वीअर्ड’ म्हणतात. शब्द सैलावला आहे हे खरेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘नियती’ होता, तोही आज कुणाला बांधून ठेवत नाही. पण भेद रोजच्या वापरातही टिकून आहे. टोपी ‘वीअर्ड’ असते, भाजीची चवही असते. ‘ईअरी’ टोपी कुणी म्हणत नाही. ‘वीअर्ड’ शांततेत बसलेली माणसे अवघडलेली असतात, ‘ईअरी’ शांततेत माणसेच नसतात. मराठीत त्यासाठी शब्द नाही, ही तक्रारही टिकत नाही. आपण शांततेला ‘भयाण’ म्हणतो, माणसे सोडून गेलेल्या वाड्याला ‘भकास’ म्हणतो, आणि टोपीला यातले काहीच म्हणत नाही. म्हणजे भेद आपल्या जिभेला ठाऊक आहे, विसर पडतो तो भाषांतराला बसल्यावर. ‘भयाण’ दर वेळी चालेल असेही नाही. तो जरा भडक आहे, आणि त्या जहाजावर भीतीहून हुरहूर अधिक आहे. तिथे ‘भकास’ जवळचा, कारण कालपर्यंत इथे माणसांचा वावर होता, हे त्या एका शब्दात येते.